साबणात पाणी

दसऱ्यानंतर सौंसरजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ताटे तेलकट निघू लागली. ताटे धुण्याचे यंत्र मालकांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणले होते. जमिनीवरच्या कॅनमधला घट्ट निळा साबण एक लहान पंप नळीवाटे वर खेचत असे आणि गरम पाण्याच्या फवाऱ्यात सोडत असे. पहिल्या दिवसांत ताटाच्या कडेवरून बोट फिरवले तरच तेल लागे. पुढे वांग्याच्या भाजीची तर्री नुसत्या डोळ्यांनाही दिसू लागली. एका इंजिनिअरने आपले ताट तसेच उचलून कॅन्टीनचे मॅनेजर भाऊराव बोबडे यांच्या टेबलावर आणून ठेवले, तेव्हा प्रकरण फिटर सुधाकरकडे आले.

"यंत्राले काही झालं नाही," भाऊराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले. "पंप फिरून राहिला, पाणी गरम येऊन राहिलं. तू फक्त साबण पाय. ताटं धुतली का कॅन खाली व्हायले पाहिजे ना? तो तसाच्या तसा भरेल हाय."

"मंग?"

"मंग काय? कोणीतरी साबण काढून घेते अन् तेवढंच पाणी टाकते. दसऱ्याले मोठी थैली घेऊन नागपूरले कोण गेलं होतं, ते साऱ्याईले मालूम हाय. तवापासूनच हे सुरू झालं."

यंत्रावर काम करणारी चंद्रकला गजभिये दरवर्षीप्रमाणे दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेली होती. ती रोजंदारीवर होती. दिवाळीनंतर ज्यांना कायम करायचे त्यांत तिचा विचार चालला होता, आणि तो भाऊरावांच्या शब्दावर अवलंबून होता.

"साबणात पाणी हाय, एवढं तू मले सांग," भाऊराव म्हणाले. "उद्यापासून तिले येऊ नको म्हणतो."

पांढुर्ण्याहून रोज बसने येणाऱ्या सुधाकरला हा तर्क चुकीचा वाटला नाही. तो यंत्राच्या खोलीत शिरला, तेव्हा चंद्रकलाने चटकन कॅनचे झाकण लावले. त्याने ते पाहिले आणि मनात नोंदवून ठेवले.

"झाकण कायले लावलं?"

"वाफेचं पाणी पडते त्यात, सुधाकरभाऊ. पडलं तं मीच टाकलं म्हणसान."

"तुमाले कोणी काही म्हटलं काय?"

"साहेब साऱ्याईसमोर चोर म्हणाले मले. काल माहा डबा उघडून हुंगला."

"पिठलं होतं त्यात," दारात उभी असलेली स्वयंपाकीण मंगला म्हणाली. "साहेबाले वास आवडला असन बाप्पा."

चंद्रकला हसली नाही. सुधाकरही हसला नाही. त्याने नवा, सील न फोडलेला कॅन मागवला. एका काचेच्या पेल्यात त्यातला साबण घेतला, दुसऱ्यात यंत्राखालच्या कॅनमधला, आणि दोन्ही पेले उजेडात तिरपे केले. साबण सारख्याच जाड धारेने काचेवरून उतरला. रंगही सारखाच. पाणी सापडले असते तर आपले काम सोपे झाले असते, हे त्याला स्वतःशी मान्य करावे लागले. तरीही संशय हटेना. तिला कुणकुण लागली असेल. आज सकाळीच तिने चांगला साबण पुन्हा भरला असेल.

म्हणून त्याने कॅनवर, बाहेरून साबण जिथपर्यंत दिसत होता तिथे, कोळशाने रेघ ओढली आणि स्वतः उभे राहून ताटांच्या खेपांमागून खेपा यंत्रातून काढल्या. पंप फिरत होता. ताटे तेलकटच येत होती. साबण मात्र रेघेच्या खाली उतरला नाही.

साबण वर जातच नव्हता. कॅन भरलेला राहत होता तो यामुळे. त्यात कुणी पाणी ओतण्याची गरजच नव्हती.

त्याने नळी कॅनमधून काढली. टोकाची जाळी स्वच्छ होती. पंपाकडचे टोक सोडवून त्याने फुंकर मारली. हवा पलीकडे गेली नाही. मग तो नळी चाचपत यंत्राच्या मागे गेला. तिथे, वळणावर, हळदीकुंकवाने माखलेला लाल धागा नळीला करकचून बांधलेला होता. एवढ्या रुंद यंत्राला धागा पुरला नसावा, म्हणून बांधणाऱ्याने हाती येईल ते धरले होते. वाफेने भिजून सुती धागा आवळत गेला होता, आणि गरमीने मऊ झालेली नळी त्याखाली चपटी झाली होती.

"हा कोणी बांधला?"

मंगलाने पदर सावरला. "साहेबानंच. दसऱ्याची पूजा त्यायनंच केली ना."

"चंद्रकलाबाई, तुमी रोज यंत्र पुसता. तुमाले दिसला नाही?"

"दिसला. मी बाजूबाजूनं पुसते."

"कायले?"

"पूजेचा हाय. माह्या हातानं तुटला असता तं काय म्हटलं असतं तुमी लोकायनं?"

काय म्हटले असते, ते सुधाकरला ठाऊक होते.

भाऊरावांना बोलावले. ते वाकून धाग्याकडे बराच वेळ पाहत राहिले. गाठ नखांनी सुटेना, तेव्हा त्यांनी सुधाकरकडून ब्लेड मागून घेतले, धागा स्वतः कापला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. सुधाकरने नळी बोटांनी चोळून गोल केली, दोन्ही टोके जागेवर बसवली. निळा साबण हळूहळू वर चढताना सगळ्यांनी पाहिला. पहिल्या खेपेतल्या ताटावर भाऊरावांनी बोट फिरवले, मग दुसऱ्यावर.

"ठीक हाय," ते चंद्रकलाकडे न पाहता म्हणाले. "उद्या ये कामावर. दिवाळीनंतरचं बी पाहू. कॅनवर मात्र आता रोज नजर ठेवत जाऊ."

"ठेवा, साहेब. पण चोर तुमी साऱ्याईसमोर म्हटलं. आता बी साऱ्याईसमोरच सांगा."

जेवणाची सुट्टी झाली होती. जेवण वाढण्याच्या खिडकीबाहेर कामगारांची रांग लागली होती. भाऊराव खिडकीशी गेले. "नळी दबली होती. साबण पुरा हाय," एवढे बोलून ते वळले.

चंद्रकला धुतलेली ताटे रचलेल्या जाळीवर हात ठेवून उभी होती. जाळी तिने पुढे सरकवली नाही.

"ताटं द्या ना बावा," रांगेतून कुणीतरी म्हणाले. "भाजी का हातावर घ्यावी?"

भाऊरावांनी सुधाकरकडे पाहिले. तो आपला पाना पुसत होता. त्याने मान वर केली नाही. मंगलाही डाव हातात धरून थांबली होती.

भाऊराव पुन्हा खिडकीशी गेले. समोरच्या भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "चंद्रकलाबाईनं काही घेतलं नव्हतं. मीच चुकलो."

मग चंद्रकलाने ताटांची जाळी खिडकीकडे ढकलली.