मी नेमकं काय अडवत होतो?

मी एक जुना ॲप्रन आहे. स्वयंपाकघरात कमरेला बांधतात तो नव्हे, मित्रांनो. एक्स-रेच्या खोलीत गळ्यापासून गुडघ्यापर्यंत घालतात तो. माझं निळं रेक्झिन तुम्हाला दिसेल, पण आत शिसं मिसळलेल्या रबराचे जाड थर आहेत. म्हणून तांदळाची भरलेली पिशवी उचलावी तसा मी जड लागतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथलं मला फारसं आठवत नाही. पोळी लाटावी तसं रबर लाटलं जात होतं आणि फार उकडत होतं, एवढंच आठवतं. एकोणीसशे नव्व्याण्णव साली खोक्यात बसून, रेल्वेने, मी गोंदियाला आलो. स्टेशनवरून सायकलरिक्षाने दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी मला दोन्ही हातांनी वर उचललं आणि सगळ्यांना बजावलं, "याला जपा. हा किरण अडवतो."

मला फार अभिमान वाटला. पण त्याच क्षणी मी गोंधळलोही. कोणते किरण? खोलीत अंधारच असायचा. मशीन गुरगुरायचं, कुठेतरी टक् असा आवाज व्हायचा आणि सगळे म्हणायचे, "झालं." काय झालं ते मला कळायचं नाही. काही धडकल्याचं मला कधी जाणवलं नाही. कधी ऊब लागली नाही, कधी धक्का बसला नाही. आपण खरंच काही अडवतो की नुसते लटकतो, हा प्रश्न तेव्हापासून मला छळतो आहे.

आमच्या दवाखान्यात मूत्रपिंडाचे आणि मूत्राशयाचे रोगी जास्त यायचे. उन्हाळ्यात मुतखड्याची माणसं तर कमरेत वाकूनच आत शिरायची. त्यांच्या हातात सुईने औषध सोडत. ते औषध मूत्रपिंडातून खाली उतरताना एक्स-रेच्या फोटोत पांढरं उमटायचं, आणि वाट कुठे अडली आहे ते डॉक्टरांना दिसायचं. फोटो काढायचं काम टिकारामचं. रोग्याला धरून ठेवायची वेळ आली, तर धरणाऱ्याच्या अंगावर मी.

केशोरीचे उदाराम नावाचे एक म्हातारे एकदा टेबलावर पडल्या पडल्या मला टिकारामच्या अंगावर बघून भडकले. म्हणाले, "दुखून राहिलं माझं, अन् कोट याले काऊन? मी काय सावत्र आहो का?"

टिकाराम हसला. "बाबाजी, तुमाले हा घातला तर फोटो कसा येईल? तुमचं एक दिवसाचं काम. आमचं रोजचं."

उदारामना ते पटलं नाही. खरं सांगू का, मलाही पटलं नाही. ज्याला दुखतं तो उघडा आणि ज्याला काही झालं नाही तो झाकलेला! पण ॲप्रनला कोण विचारतो?

सुरुवातीला मला टांगायला भिंतीत एक जाड लाकडी दांडा होता. पुढे त्याला वाळवी लागली आणि एका पावसाळ्यात तो मोडून पडला. नवा बसवायचं सगळ्यांनीच उद्यावर टाकलं. मग टिकाराम माझी घडी घालू लागला. आधी मधोमध, मग पुन्हा आडवी. ती घडी स्टुलावर ठेवून त्यावर बसून तो चहा प्यायचा. मला वाटायचं, याचा आपल्यावर जीव आहे, म्हणून जवळ ठेवतो. घडीच्या जागी आत काहीतरी करकरायचं, पण वय झालं की सगळ्यांचंच करकरतं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आता दोन हजार पाच सालची गोष्ट सांगतो. दिवाळी झाली होती आणि धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती. सौंदडहून एक घर आलं. रेवाराम आणि सुशिलाबाई हे म्हातारा-म्हातारी, त्यांची सून रविता आणि चार वर्षांचा नातू टिंकू. मुलगा चुरणीला मागे राहिला होता. टिंकूला सारखा ताप यायचा आणि लघवीला जळजळायचं. डॉक्टरांना शंका होती की त्याची लघवी बाहेर पडायच्या ऐवजी उलटी वर, मूत्रपिंडाकडे चढते. तसं असेल आणि ते कळलं नाही, तर मूत्रपिंड खराब होत जाणार होतं. म्हणून तपासणी टाळून चालणार नव्हतं.

ती तपासणी मोठी विचित्र. बारीक नळीने मूत्राशयात औषध भरायचं आणि मुलाला टेबलावर पडल्या पडल्या लघवी करायला लावायची. तो करत असतानाच फोटो काढायचा. आधी नाही, नंतर नाही.

नळीच्या वेळी टिंकू रडला, पण औषध भरून झालं. रेवाराम मला घालून नातवाचे खांदे धरून उभे राहिले. टिकाराम आणि डॉक्टर भिंतीआड गेले. त्या भिंतीतही शिसं होतं आणि बघायला काचेची छोटी खिडकी होती.

"कर रे बाबू," रेवाराम म्हणाले.

"नाही."

"कर ना बेटा, सुसू कर," टिकाराम हिंदीतून आर्जवं करू लागला. गोंदियात अर्धं बोलणं हिंदीतूनच होतं.

"खाटेवर मुतला तर माय मारते," टिंकू म्हणाला, आणि त्याने ओठ घट्ट मिटले.

सगळे हसले, पण हसून भागण्यासारखं नव्हतं. वर्षभर ज्याला शिकवलं की निजल्या जागी करायची नाही, त्याला आता चार मोठी माणसं तेच कर म्हणून विनवत होती. बिचारा माझ्यासारखाच गोंधळला होता. नळ सोडून पाहिला. गार पाणी पायावर शिंपडलं. पोट टम्म फुगलं होतं, डोळ्यांत पाणी होतं, पण पोरगं हटेना.

"घरी कसा करते हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याच्या मायनं शूऽऽ म्हटलं का करते," सुशिलाबाई दारातून म्हणाल्या. "दुसऱ्याचं नाही ऐकत."

टिकारामने लगेच रवितेला आत बोलावलं. मला रेवारामांच्या अंगावरून काढलं आणि तिच्यापुढे धरून सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाई, दिवसगिवस तर नाही ना गेले? असलं तर आताच सांगा."

रेवाराम खाकरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रवितेने सासूकडे पाहिलं. सुशिलाबाई खिडकीकडे पाहू लागल्या. रवितेने मान खाली घातली आणि नाही म्हणून हलवली.

मी तिच्या खांद्यांवर चढलो. टिकारामने मागे पट्टे आवळले. आणि मित्रांनो, तेव्हा मला कळलं की माझ्या आतल्या बाजूने तिने दोन्ही तळहात पोटावर धरले आहेत. सुशिलाबाई पदर सारखा करण्याच्या निमित्ताने जवळ आल्या, तेव्हा ती सासूला अगदी हळू म्हणाली, "आत्या, याच्यातून काही जाणार तर नाही ना?"

"चूप," सुशिलाबाई पुटपुटल्या. "तीन महिने भरेपर्यंत तोंडातून काढाचं नाही म्हटलं ना? मागच्या वेळी सांगितलं, अन् काय झालं?"

मी हादरलो. मघाशी ही नाही म्हणाली होती, मग हे काय? दोघींना ठाऊक आहे आणि दोघीही बोलत नाहीत? तिकडे टेबलावर एक लेकरू रडत होतं, इकडे माझ्याआड दुसरं होतं, आणि मधे मी. करकरणारा, घडी पडलेला. मला ओरडावंसं वाटलं, पण ॲप्रनला तोंड नसतं. आणि ओरडून तरी काय सांगणार होतो? मी अडवतो की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

"चला माय, तुम्ही बाहेर व्हा," टिकाराम म्हणाला आणि भिंतीआड जायला वळला.

सुशिलाबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. "कारे भाऊ, याच्यानं काही होत नाही ना?"

"काही नाही होत माय. शिसं आहे त्याच्यात."

"मंग तू काऊन भिंतीमागं पळून राहिला?"

टिकाराम गडबडला. "माझं रोजचं आहे ना माय. रोज रोज घ्यावं लागते. तिचं तर एक दिवसाचं."

"तिचं एक दिवसाचं," सुशिलाबाई म्हणाल्या. त्या तरातरा आत आल्या आणि माझे पट्टे सोडू लागल्या. "नाही. हे नाही थांबत इथं. दोन जीवाची आहे हे. दे तो कोट मले, मीच धरीन पोराले."

रविता रडू लागली. रेवाराम भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "मले सांगाले काय झालं होतं?"

"तुमाले सांगितलं का साऱ्या सौंदडले सांगितलं," सुशिलाबाई कडाडल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रेवारामांना बाहेर पाठवलं आणि ते रवितेला म्हणाले, "तुम्ही या खोलीत थांबूच नका. टिकारामजवळ, भिंतीआड उभ्या राहा. तिथूनच शू म्हणा."

मी सुशिलाबाईंच्या अंगावर गेलो. त्या इतक्या ठेंगण्या की मी जमिनीला टेकलो. टिंकू मान वळवून शोधू लागला. "माय कुठं हाये?"

"इथंच आहो रे राजा," भिंतीआडून आवाज आला. "कर. आज नाही मारत. शूऽऽ... शूऽऽ..."

पोराने डोळे मिटले. आणि मग जी धार लागली, ती टेबलावर, सुशिलाबाईंच्या लुगड्यावर आणि माझ्यावर! टक्, टक् असे आवाज झाले. "झालं!" टिकाराम ओरडला. भिजलेल्या सुशिलाबाई हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

फोटोत दिसलं की डाव्या बाजूने लघवी वर चढते आहे. पण वेळेवर कळलं होतं. रोज थोडं औषध द्यायचं, ताप आला की लगेच दाखवायचं आणि वाढत्या वयात ते आपोआप बरं होतं का ते पाहायचं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

ती माणसं गेल्यावर डॉक्टर टिकारामला म्हणाले, "हा ॲप्रन आपण शेवटचा कधी तपासला?"

"याले बी तपासतात, साहेब?"

मला धुऊन, पुसून त्याच टेबलावर पसरलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या फोटोच्या वेळी हजर होतो. त्या दिवशी माझा फोटो निघाला. मी पुरता पांढरा दिसायला हवा होतो. पण पोटाच्या जागी, जिथे माझी घडी पडायची, तिथे काळ्या रेघा होत्या. पाणी आटल्यावर धानाच्या बांधीत भेगा पडतात, तशा.

टिकाराम तो फोटो उजेडापुढे धरून उभा होता. "म्हणजे इतके दिवस..." एवढंच तो म्हणाला, आणि मग त्याने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

भिंतीत लोखंडी दांडा बसला. नवा ॲप्रन आला आणि त्यावर सरळ टांगला गेला. शिसं कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून परत जाण्याची वाट पाहत मी कोपऱ्यात पडून राहिलो. इथून मला एक बदल दिसतो. आता कोणी बाई आली, तर टिकाराम घरच्यांना आधी बाहेर बसवतो. मग नर्सबाई तिला एकटीला, दार लावून, हळू विचारतात.

सव्वा वर्षाने टिंकू पुन्हा तपासणीला आला. अंगाने भरला होता. सुशिलाबाईंच्या कडेवर एक मुलगी होती, दुर्गेश्वरी. तिला खाली सोडल्याबरोबर ती रांगत कोपऱ्यात आली आणि माझ्यावर दोन्ही हात आपटू लागली. टिकारामने धावत येऊन तिला उचललं. "त्याच्यावर नको बाई." तिच्या एवढ्याशा वजनाने माझं आणखी काय बिघडणार होतं! पण तेवढ्या वेळात मी पुन्हा गोंधळून गेलो. त्या दिवशी मी तिच्या आईच्या अंगावरच राहिलो असतो, तर? कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित झालं असतं. आणि इतक्या वर्षांत ज्यांना मी झाकलं, त्यांतल्या किती जणांना खरोखर वाचवलं आणि किती जणांना नुसता धीर दिला? हे मला ठाऊक नाही, मित्रांनो, आणि आता कधी कळणारही नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी अशा खोलीत काम कराल, तर माझ्या भावंडांची घडी घालू नका. त्यांना टांगा आणि वर्षातून एकदा तपासा, कारण आमच्या आतली भेग वरून दिसत नाही. आणि कुणाला रवितेला विचारला तसा प्रश्न विचाराल, तर खरं उत्तर देता येईल अशा जागी नेऊन विचारा.