पहिला पीस

लाल पट्टा आता अर्धाच उरला होता... बाकीचा चहातल्या आल्यासोबत चेचला जाऊन आम्हा सगळ्यांच्या पोटात गेला असणार, विजयश्रीच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. मुठीएवढा लोखंडी बुश, मधोमध आरपार भोक — ते भोक तिच्या हातून मापापेक्षा केसभर मोठं झालं, पीस बाद ठरला, म्हणून महिन्यापूर्वी त्यावर तो लाल रंगाचा पट्टा ओढला गेला होता. सोपानरावांनी, तिच्या सुपरवायझरांनी, रीतसर गेटपास करून तो बुश तिच्या हातात ठेवला होता. घरी ने, रोज नजरेसमोर राहू दे, म्हणाले होते. घरी सासूबाईंना बत्त्याची सोय झाली. तेव्हापासून रोज सकाळी ठक, ठक, ठक — तिची चूक साऱ्या खोलीला ऐकू जात होती.

"आज परत सेटिंग करणार म्हणे तू," नवनाथ बुटाची नाडी बांधत म्हणाला. तो चाकणला दुसऱ्या कंपनीत आठ वर्षं सेटर. मशीन मापाला बसवतो तो सेटर, आणि बसवलेल्या मशीनवर पीस चढवून बटण दाबते ती ऑपरेटर, आणि बायको ऑपरेटरच बरी, असं त्याचं म्हणणं. "पुन्हा पीस घालवलास तर कँटीनमध्ये लोक मला विचारतात, विजू."

"हाय ते काय वंगाळ हाय का?" सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, आलं चहात टाकलं. "उगं जिवाला घोर."

दोघांच्याही आवाजात राग नव्हता, हीच तर पंचाईत. रागाशी भांडता येतं. काळजीशी कसं भांडायचं? तिनं चहा संपवला आणि बस गाठली.

महाळुंग्याच्या वाटेवर बस ट्रकांच्या रांगेत अडकली, आणि तिला बांगडी आठवली. लग्नाला महिना झाला होता, नवनाथनं घरी आणलेल्या व्हर्नियरनं, मापाच्या त्या पट्टीनं, तिची बांगडी मोजली होती, मग तिच्या हातात व्हर्नियर देऊन म्हणाला होता, आता तू मोज. तिनं बांगडी मोजली, पेला मोजला, त्याचा अंगठासुद्धा मोजला — किती हसला होता तो! माप बघायला त्यानंच शिकवलं. मग मी विचारलं, आणि मशीन मापाला कसं लावतात? तेव्हापासून तो हसायचा थांबला... की त्याआधीच थांबला होता? ते तिला नक्की आठवेना.

मशीनपुढे मात्र हात आपोआप चालू लागले. टूल बसवलं, घट्ट केलं, दोनदा तपासलं. मागच्या वेळी घात घाईनं केला होता. भोक आधी मुद्दाम लहान ठेवायचं, मोजायचं, मग मापावर आणायचं — हे तिला पाठ होतं. पण त्या दिवशी चौघं बघत उभे होते, त्यांना दाखवायचं होतं, आणि त्या चौघांच्या मागं, तिथं नसलेला, नवनाथ उभा होता. तिनं एका फटक्यात भोक थेट मापावर कापलं. गेलेलं लोखंड परत कोण चिकटवणार?

आजही तो मागं उभा होताच. उभा राहा, ती मनातच म्हणाली, बघ हवं तर. तिनं भोक लहान ठेवलं. मोजलं. थांबली, कपाळ पुसलं, पुन्हा मोजलं. आकडा टाकला, दार लावलं, बटण दाबलं.

भोक तपासायच्या गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं टोक अलगद, आपल्याच वजनानं आत उतरलं. दुसरं तोंडाशीच अडलं. तिनं फिरवून पाहिलं — नाही म्हणजे नाही.

क्वालिटीवाल्यानंही मोजलं आणि हिरवी सही केली. पहिला पीस शिफ्टभर मशीनवरच्या ट्रेमध्ये ठेवतात, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. त्याला बांधायच्या टॅगवर सेटरचं नाव असतं. वर्षभर तिनं तिथं दुसऱ्यांची नावं वाचली होती. विजयश्री नवनाथ, तिनं लिहिलं, आणि मग लक्षात आलं, त्याचंही नाव गेलं की टॅगवर!

सोपानराव लांबूनच म्हणाले, "चालव."

त्या एका शब्दानं अंगभर असा काही आनंद भरला की तिला दोन मिनिटं पुढचा पीस चढवता येईना. मी केलं. मला आलं. दिवसभर ती नवनाथला सांगायचं वाक्य जुळवत राहिली — कधी ठसक्यात, कधी सहज, कधी त्याच्या कँटीनवाल्यांच्या नावानं एक टोमणा जोडून. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आला, त्यानं टॅग वाचला आणि काही न विचारता कामाला लागला. ते तर तिला सहीपेक्षाही आवडलं.

संध्याकाळी चहाचं आधण तिनंच ठेवलं. बुश उचलला, भोकातून बोट फिरवलं. केसभराचा फरक बोटाला कळत नव्हता. बिचारा, तिला वाटलं, याच्याशी माझं काही वैर नाही.

नवनाथ दारात बूट काढत होता. कौशल्याबाई भाजी निवडायच्या थांबल्या होत्या.

"काय झालं मग?" त्यानं खालमानेनंच विचारलं.

वाक्य तयार होतं. तिनं छातीतली ती नेहमीची धडधड शोधली — हा काय म्हणेल, कसा बघेल — आणि ती कुठंच सापडली नाही.

"सांगते," ती म्हणाली. "आधी चहा होऊ दे."

आणि तिनं आलं सावकाश, मनापासून चेचायला घेतलं. ठक, ठक, ठक.