थोरल्या जावेचं गणित

दोघी जावा एकाच शाळेत. थोरली गणिताची; तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. धाकटी विज्ञानाला नुकतीच लागलेली. तिच्या वर्गात हातोडा पडला तरी कोणी वळून बघत नसे.

यंदा मुख्याध्यापिकांनी ठरवलं, घोकंपट्टी कमी, प्रकल्प जास्त. मुलांनी एखादा खरा प्रश्न घ्यायचा आणि तो सोडवता सोडवता शिकायचं. धाकटीच्या सातवीने लगेच प्रश्न शोधला: चाकाच्या खुर्चीतली आपली मैत्रीण वाचनालयाच्या पायऱ्या चढणार कशी? लाकडी उतार करू या! झालं. शाळाभर करवतीचा आवाज आणि धाकटीचं कौतुक.

थोरलीची लेक त्याच वर्गात. जेवताना तिची टकळी सुरू. "काकू म्हणते, चुकलो तरच शिकतो."

"चुकायला शाळेत कशाला जायला हवं? ते घरबसल्याही जमतं," थोरली म्हणाली. नवरा हसला, तेही तिला झोंबलं.

एकदा जाता जाता तिने पायऱ्यांवर टेकवलेल्या फळ्या पाहिल्या. उतार आखूड होता, म्हणजे फारच उभा. सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पडू दे एकदा तोंडघशी.

चाचणीला मुलांनी मैत्रिणीला बाकावर बसवलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीत पुस्तकांचं पोतं ठेवून ती वर ढकलली. अर्ध्यावर खुर्ची हातातून सुटली, मागे घसरली, पुस्तकं मैदानभर. थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या. एवढ्यात ती मैत्रीण हळूच म्हणाली, "राहू दे रे. मला पुस्तकं खालीच आणून देत जा, नेहमीसारखी."

थोरलीचा चेहरा उतरला.

"चूक माझी," धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली. "उताराचा हिशोब मला जमला नाही. वहिनी, तुम्ही सांगता?"

"मला ती चूक आधीच दिसली होती," थोरली बोलून गेली.

धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि खडू पुढे केला.

थोरली फरशीवरच बसली. "पायऱ्यांची उंची मोजा. लांबी तिच्या बारापट हवी."

"बाई, मग तो पार मैदानात जाईल!"

"मग वळवा. वळणावर सपाट जागा ठेवा, दम खायला."

मुलं गुणाकारावरून भांडू लागली. गणितावरून भांडणारी मुलं थोरलीने जन्मात पाहिली नव्हती.

नवा उतार तयार झाला. मैत्रीण स्वतः चाकं फिरवत वर गेली आणि मागे न बघता थेट कपाटांकडे वळली. सगळे टाळ्या वाजवत असताना धाकटी मोठ्याने म्हणाली, "उतार आमच्या वहिनींचा बरं का!"

थोरली हसली, पण आतून जळफळली. आपण गप्प बसलो हे हिने एकदाही बोलून दाखवलं नाही, वर श्रेयही देऊन मोकळी! म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे.

ती तडक मुख्याध्यापिकांकडे गेली. "पुढच्या सत्रात आठवीचा प्रकल्प मला द्या."

"छान! दोघी जावा मिळून करा ना."

"मुळीच नाही. मला एकटीला. आणि तिच्यापेक्षा मोठा."