फ च्या वाट्याला डमी

"आता फ च्या वाट्याला काय आलं, ते सांग," सर म्हणाले.

"डमी, सर," सबीहा म्हणाली आणि वर्गाकडे पाहून जराशी हसलीही. उत्तर कसं स्वच्छ आलं होतं. ऑपरेशन्स रिसर्चचा पहिलाच प्रकल्प, आणि तोही पुस्तकातल्या आकड्यांवर नाही, जळगावातल्या खऱ्याखुऱ्या कूलरच्या कारखान्यावर. कारागीर सहा आणि कामं पाच: पत्रा कापणं, वाकवणं, जाळीत गवत भरणं, मोटार बसवणं, रंग. कुणाला कुठलं काम दिलं म्हणजे सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी लागेल, एवढाच प्रश्न. माणसं जास्त आणि कामं कमी असली की एक खोटं काम मांडायचं, त्याला डमी म्हणायचं आणि त्याच्या रकान्यात सगळीकडे शून्य लिहायचं. ज्याला डमी मिळतो, त्याच्यावाचून कारखान्याचं काही अडत नाही.

कारखाना उत्तमचंद सेठचा. त्यांचा नातू अमन हा तिचा प्रकल्पातला जोडीदार. घड्याळ लावून वेळा त्यानं टिपल्या, गणित तिनं सोडवलं. कारागिरांमध्ये तिचे अब्बा, हारुनभाई, होते. म्हणून सरांनीच बजावलं होतं की नावं लिहू नका, अक्षरं लिहा. कुठलं अक्षर कुणाचं, हे एकट्या अमनला ठाऊक होतं.

ती बाकावर परत आली तेव्हा अमन मान खाली घालून बसला होता. तास संपल्यावर जिन्यात तिनं काय झालं म्हणून विचारलं.

"फ म्हणजे हारुनचाचा," तो म्हणाला.

सबीहाला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. कारखान्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात पहिल्यांदा पत्रा कापायची कात्री देणारा माणूस म्हणजे अब्बा. मग तिनं एकच विचारलं, कागद अजून कुणी पाहिलाय का. अमननं आदल्याच दिवशी तो आजोबांना, अक्षरांमागची नावं सांगून, दाखवला होता. त्यांना कौतुक वाटेल, असं त्याला वाटलं होतं.

ग्रंथालयात बसून तिनं सगळं गणित पुन्हा मांडलं. चूक निघावी म्हणून इतक्या आशेनं तिनं आजवर काही तपासलं नव्हतं. उत्तर हललं नाही. फ चा आकडा प्रत्येक रकान्यात सगळ्यांहून मोठा होता. अब्बांचे हात मंदावले होते. रोज समोर बसून जेवणारा माणूस, आणि हे तिला आकड्यांकडून कळावं. ग्रंथालय बंद करणारी बाई येऊन उभी राहिली तरी ती उठली नाही.

पिंप्राळ्यातल्या घरी मात्र वेगळंच चाललं होतं. अब्बा खुशीत होते. सेठ त्यांना हसत म्हणाले होते, हारुन, पोरीच्या गणितात तू डमीवर आलास, उद्या सकाळी दुकानावर येऊन भेट.

कारखान्यात डमी म्हणजे दुकानाच्या दर्शनी भागात ठेवायचा, आत मोटार नसलेला कूलर. त्याच्या पत्र्यावर ओरखडा चालत नाही. तो भरवशाच्या हातालाच देतात. ही बातमी ऐकून सोबत काम करणाऱ्या जीवरामनं अब्बांना सगळ्यांसमोर छेडलं होतं, "आते तू साहेब व्हयी गया, भाऊ. आमले वळख देशी ना?" ते सांगताना अब्बांना हसू आवरत नव्हतं. अम्मी, खातून, त्यांचा सदरा इस्त्री करत होती.

"मेरे वास्ते अच्छा काम निकाला तूने, बेटा," अब्बा म्हणाले.

सबीहा घोटभर पाणी प्यायली. मग तिनं पेला विसळून पालथा ठेवला.

सकाळी ते तिच्या स्कूटरवर मागे बसले. दुकानाचा आणि कारखान्याचा रस्ता जिथे वेगळा होतो, तिथे तिनं गाडी कडेला घेतली आणि हँडलकडे बघत सगळं सांगून टाकलं.

"उस डमी में रहता क्या है?" अब्बांनी विचारलं.

"शून्य, अब्बा. सब जगह शून्य."

रिक्षा, दुचाक्या शेजारून जात राहिल्या. ती घाईघाईनं म्हणाली, "मैं सेठ को बोल देती, हिसाब गलत था."

"गलत था?"

तिनं मान हलवली. नाही.

"फिर मत बोल." ते उतरले. सदऱ्याची बाही त्यांनी नीट केली. "सेठ को बोलने में तकलीफ होगी. मैं ही बोलता, कल से नहीं आता. पहले लोगों से मिल लेता हूँ. तू कॉलेज जा."

ते कारखान्याच्या रस्त्यानं चालत निघाले. तिला गाडी सुरू करता येईना. समोर कारखान्याच्या फाटकातून कूलर भरलेला टेम्पो बाहेर येत होता. अब्बांनी हात वर करून तो थांबवला, मागे जाऊन सैल झालेला दोर ओढला, गाठ मारली, ती हलवून पाहिली. वेळ लागला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. मग त्यांनी फळीवर थाप दिली, टेम्पो जाऊ दिला आणि ते आत गेले.