तीजेच्या दिवशीची बैठक

गुडगावात आमच्या प्लॉटला लागून जे गाव आहे, तिथे मुलींचं सरकारी कॉलेज यायचं ठरलं. मी चौथीपर्यंत शिकले, पण नकाशात दार कुठे आहे हे कळायला तेवढंही लागत नाही. दार हायवेवर काढलं होतं. तिथे ट्रक थांबतात, दारूचा ठेका आहे आणि दिवसभर रिकामे बाप्ये उभे असतात.

माझी नात शिवांजली तेव्हा बारावीत. तिचा बाप, म्हणजे माझा विश्वजित, म्हणाला, "दार हायवेवर असेल तर घरी बसून कॉलेजच्या परीक्षा दे."

"तू तुझ्या काचेच्या ऑफिसात त्याच हायवेने जातोस ना?" मी विचारलं.

"मी पुरुष आहे, आई."

"हो, सुईणीने सांगितलं होतं."

लोकांचं म्हणणं ऐकायला नकाशेवाले साहेब गावच्या चौपालवर आले. चौपाल म्हणजे इथली चावडी. उंच ओटा, खाटा, मधे हुक्का. माझे यजमान सुभेदार होते, म्हणून आम्हा दोघांना खुर्च्या मिळाल्या. सगळ्या पुरुषांचं एकच, दार हायवेवरच शोभतं. हायवेच्या कडेला सरपंचाच्या भावाची दुकानं व्हायची होती, तीही शोभणार होती.

"औरतों की क्या राय है?" साहेबांनी विचारलं.

"उन्हें कोई एतराज नहीं," सरपंच म्हणाला. साहेबांनी तसं लिहून घेतलं. मी समोर खुर्चीत होते, पण गावच्या लेखी बाहेरची. भिंतीपलीकडे गावच्या सुना घूंघट ओढून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या संतरोला मी म्हटलं, "माझ्याशी दुधाच्या भावावरून भांडतेस, काल जीभ कुठे ठेवली होतीस?"

"माँजी, सासरा आणि जेठ बसलेले. बहू चौपालवर पाय ठेवत नाही, बोलायचं तर सोडाच." जेठ म्हणजे थोरला दीर.

"मग बोलतं कोण?"

"गावच्या छोऱ्या, इथे जन्मलेल्या लेकी. त्यांना घूंघट नसतो. पण त्या आपापल्या सासरी." ती दुधाचं माप उपडं करत म्हणाली, "तीजेला येतील माहेरी." तीज म्हणजे इथला श्रावणातला सण, लेकींना माहेरी आणायचा.

मी ह्यांना साहेबांच्या ऑफिसात जायला सांगितलं. पुढची बैठक तीजेला घ्या, एवढंच म्हणायचं होतं.

"सणाच्या दिवशी साहेब येईल का?" हे म्हणाले.

"तुम्ही दिवाळीला सीमेवर असायचात. तेवढं सांगा त्याला."

तीजेला साहेब आले. झाडांना झोके बांधले होते. हातभर बांगड्या घातलेल्या माहेरवाशिणी उघड्या डोक्याने ओट्यावर चढून बसल्या. त्यातली एक, बिमला, थेट आपल्या चुलत्याला म्हणाली, "ताऊ, मला ठेक्यासमोरून पाठवलं असतंस का? मला तर तू आठवीनंतर घरीच बसवलंस." ताऊला एकाएकी हुक्क्यातले निखारे नीट करावेसे वाटले.

मग शिवांजली उठली. मागून विश्वजित म्हणाला, "खाली बस."

सरपंचही म्हणाला, "ये तो बाहर की है. बात गाम की छोरियों की चल रही है."

पोर तशीच उभी राहिली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"बाहर की कोन्या. या भी म्हारी छोरी सै."

बाहेरची नाही, हीही आमचीच पोर, असं म्हणणारी संतरो होती. तिचा जेठ सरपंचाच्या शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली, पण तिला गप्प केलं नाही.

शिवांजली त्यांच्याच बोलीत बोलली. मला निम्मं कळलं. दार मागच्या बाजूला, गावातल्या तळ्याच्या गल्लीत काढा, नाहीतर माझा बापच मला पाठवणार नाही, असं ती म्हणाली. सगळ्यांनी वळून विश्वजितकडे पाहिलं. तो आपले बूट पाहत होता.

नव्या नकाशात दार तळ्याच्या गल्लीत आलं. इमारत व्हायची होती, तोवर वर्ग त्याच गल्लीतल्या शाळेत भरायला लागले.

संतरोला मी विचारलं, "जेठ काही म्हणाला?"

"बहू बिघडली म्हणाला."

"मग तू?"

"त्याच्या दुधात पाणी वाढवलं."

पहिल्या दिवशी विश्वजित गाडीची किल्ली घेऊन दारात आला. "चल, सोडतो."

"नको, बाबा. संतरोची लेक सुमन येतेय, आम्ही चालत जाऊ," असं म्हणून शिवांजली गेलीही.

तो उभाच राहिला. मी त्याच्या हातात सकाळी इथेच राहिलेली दुधाची रिकामी बरणी दिली आणि म्हटलं, "उभाच आहेस तर ही संतरोला देऊन ये."