एक सूत जागा

जावईबापू छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोकडून स्वतःच्या ऐकून घ्यायच्या, असं एकंदर बरं चाललं होतं. हातोडी त्यांच्या हातात शोभत नाही हे घरात सगळ्यांना मान्य होतं, खुद्द त्यांनाही. तरी त्यांनी मागच्या खोलीची एक भिंत लाकडी फळ्यांनी सजवायला घेतली, कारण प्रश्न सासऱ्यांचा होता.

सासरे हाडाचे सुतार. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहत होते. बायकोने वर्षभरात एकच गोष्ट मागितली होती, बाबांना कायमचं इकडे आणू या. आणि सासऱ्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "चार दिवस येतो. जास्त राहून मी तिथे रिकामा बसून काय करू?" खोलीत लाकूड असलं, त्याचा वास असला, तर म्हातारा रमेल, असं जावईबापूंच्या मनाने घेतलं.

नव्या लाकडाची ऐपत नव्हती. छापखान्यात कागदाचे गठ्ठे ज्या लाकडी चौकटींवर येतात, त्या मोडून फळ्या फुकटात मिळाल्या. सहा रविवार घासघासून त्यांनी फळ्या गुळगुळीत केल्या आणि आपली बोटं खडबडीत. ठोकायच्या आधी सासऱ्यांना फोन लावला.

"फळीला फळी भिडवू नका, जावईबापू," सासरे म्हणाले. "मध्ये एक सूत जागा सोडा. लाकूड फुगतं."

"सोडतो की."

दुसरा कोणी असता तर सूत म्हणजे नेमकं किती, असं विचारून मोकळा झाला असता. पण ज्याने तीस वर्षं शब्दांवर पोट भरलं, त्याने दोन अक्षरांचा अर्थ सुताराला विचारायचा? जावईबापूंनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. दर दोन फळ्यांमध्ये एक दोरा ताणून धरला आणि वरची फळी घट्ट दाबून ठोकली. काही दोरे नंतर ओढून निघाले, काही आतच अडकले. इतकं बारीक काम करणाऱ्या सुतारांबद्दल त्यांना फारच आदर वाटला.

महिनाभराने हवा दमट झाली. सासरे यायच्या आदल्या दिवशी, जेवण चालू असताना, मागच्या खोलीतून टक्क आवाज आला. मग आणखी दोन. बायको बघून आली.

"भिंतीला सातवा महिना लागलाय," ती म्हणाली. मग ताटाकडे बघत हळूच म्हणाली, "आता बाबा काही राहत नाहीत."

या वाक्यात जावईबापूंना एकही चूक सापडेना.

सासरे आले, भिंतीसमोर उभे राहिले. फुगलेल्या पोटावरून त्यांनी हात फिरवला आणि फटीतून लोंबणारं एक पांढरं टोक चिमटीत धरलं.

"हे काय?"

"सूत," जावईबापू म्हणाले. "तुम्ही सांगितलेलं."

सासऱ्यांनी तो दोरा हळूच ओढून पाहिला. मग खाली फतकल मारून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई गेल्यानंतर ते असं हसलेले कोणी पाहिलं नव्हतं. बायको दारात पदराने डोळे पुसत उभी राहिली.

"अहो, सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा," शेवटी त्यांना बोलता आलं.

तीन दिवस सासरे फळ्या काढून, रंधा मारून पुन्हा ठोकत होते आणि जावईबापू खिळे धरून शेजारी उभे होते. भिंत देखणी झाली. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी पिशवी भरली.

"निवांत जा, बाबा," जावईबापू म्हणाले. "समोरच्या भिंतीच्याही फळ्या आणून ठेवल्यात. आता सूत कळलंय, मी एकटाच करतो."

यात काही डाव नव्हता. आता आपल्याला जमेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी हातोडी उचललीसुद्धा, तीही उलटी.

सासऱ्यांनी हातोडीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. अठरा वर्षं ते जावयाला अहो-जाहो करत आले होते.

"अरे बाबा," ते म्हणाले, "तू हात लावू नकोस."

जावईबापूंनी निमूटपणे हातोडी त्यांच्या हातात दिली. तोवर बायकोने पिशवी आत नेऊन रिकामी केली होती.