सहा दिवस चौथीत

जगात सगळ्यात अवघड काय, सांगा बरं? डोंगर चढणं? छे! "मला समजलं नाही" एवढं म्हणणं. भल्याभल्यांची जीभ इथे टाळ्याला चिकटते.

आता आमच्या हेडक्लार्कसाहेबांचंच घ्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ताठा तसाच. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर जुन्या-नव्या गोळ्यांची पाच पाकिटं ओळीनं मांडून बसले. जणू फायलीच सहीला आल्यात!

"बाबा, यातली आधी कुठली घ्यायची?" सुनेनं विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"हो, पण काय सांगितलंय?"

"सविस्तर सांगितलंय!"

त्यांची थोरली बहीण चार दिवस राहायला आली होती. ती कोपऱ्यात मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे याला ओ की ठो कळलेलं नाही."

"ताई!"

"मग फोन करून विचार ना."

"शोभतं का ते? अख्खं ऑफिस चालवलं मी, आणि आता चार गोळ्यांसाठी फोन करू? त्यांनी 'समजलं ना?' विचारलं, मी 'समजलं' म्हणालो. संपलं! जुन्या घेतो, नव्याही घेतो. औषधच आहे, थोडं जास्त झालं म्हणून काय बिघडतंय?" असं म्हणून त्यांनी गोळ्या तळहातावर काढल्यासुद्धा.

सून घाबरली. ताईनं मात्र मटाराचं ताट बाजूला सारलं. "सूनबाई, तुझा सासरा दुसरीत असताना सहा दिवस चौथीत बसला होता, ठाऊक आहे का तुला?"

"ताई, ती गोष्ट नको!" पाण्याचा पेला ओठांपाशीच थांबला.

"सुट्टी संपून शाळा उघडली. वर्ग सगळे इकडचे तिकडे झालेले. यानं जिन्यापाशी विचारलं, दुसरीचा वर्ग कुठाय? तिथे चौथीच्या पोरी उभ्या होत्या. अशा हसल्या, अशा हसल्या, की छपरावरची कबुतरं उडून गेली ती अजून परत आली नाहीत! 'एवढंही माहीत नाही?' झालं! हा गोरामोरा, आणि समोर जे दार दिसलं त्यातून आत. तोच नेमका चौथीचा वर्ग."

"आणि गुरुजींना कळलं नाही?"

"त्यांचा चष्मा फुटला होता. त्यांना आम्ही सगळे सारखेच, धुक्यातले भोपळे! एक मुलगा आजारी होता, हा त्याच्या नावाला 'हजर' म्हणायचा. बाकावर पाय लोंबकळतायत, फळ्यावर भागाकार चाललाय. गुरुजी विचारायचे, समजलं? 'समजलं!' सगळ्यात मोठा आवाज याचाच. सातव्या दिवशी तो आजारी मुलगा आला. नाव एक, हजर दोन! गुरुजींनी याला फळ्याशी उभं केलं. म्हणाले, सोडव गणित. यानं भागाकाराला चोच काढली, शेपूट काढलं आणि बदक करून ठेवलं!"

"बदक नव्हतं," हेडक्लार्क पुटपुटले. "मोर होता."

सून हसून हसून लोटपोट झाली. पण ताई हसली नाही.

"हसू नकोस गं. जिन्यापाशी सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं, सांगू? मी! मी तेव्हा चौथीत. सहा दिवस याला मागच्या बाकावर बघत होते आणि गप्प होते. हा वेंधळा माझा भाऊ, हे कुणाला कळायला नको म्हणून! त्या दिवसापासून यानं कुणाला काही विचारलं नाही. चुकीच्या बसमध्ये बसला तर शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि म्हणतो, फिरायला आलो होतो!" तिचा आवाज खाली आला. "चुकलं रे माझं. पंचावन्न वर्षं उशिरा म्हणतेय. पण भागाकार चुकला तर मोर होतो. गोळी चुकली तर माणूस जातो!"

हेडक्लार्कनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी गोळ्या परत पाकिटात ठेवल्या.

तासाभरात दोघं बहीणभाऊ दवाखान्यात. बाकं गच्च भरलेली. डॉक्टर दारात दिसताच हेडक्लार्क उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "डॉक्टर, मघाशी मी खोटं बोललो. मला काहीही समजलं नव्हतं!"

बाकावरचा एक जाडजूड गृहस्थ खुदकन हसला. ताई गर्रकन वळली. "हसायला काय झालं? तुमच्या पिशवीतली ती पिवळी गोळी कशाची, सांगा बघू!"

गृहस्थानं पिशवीत डोकावलं. बराच वेळ डोकावलं. "मलाही जरा विचारायचंच होतं," तो म्हणाला. मागून आणखी चार हात वर आले!

डॉक्टरांनी पाकिटं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही जुनी आणि ही नवी, दोन्हीत एकच औषध आहे, नाव तेवढं वेगळं! जुनी बंद करा म्हणालो होतो मी. दोन्ही घेतल्या असत्यात तर रक्तदाब एकदम उतरून कोसळला असतात. पण चूक माझीही. मी 'समजलं ना?' विचारतो. 'काय समजलं?' असं विचारायला हवं."

त्यांनी मोठ्या अक्षरात सगळं लिहून दिलं. हेडक्लार्कनी तिथेच ते घडाघडा म्हणून दाखवलं. आणि विचारायची अशी गोडी लागली, की येताना वाटेत तिघांना रस्ता विचारला. तोही स्वतःच्या घराचा!

तेव्हा मंडळी, समजलं नाही तर बेलाशक विचारा. त्यात कसली आलीय लाज! आणि दुसऱ्या कुणी विचारलं तर दात काढू नका. तुमचं हसू घटकाभराचं असतं, पण त्याचं तोंड जन्मभरासाठी बंद होतं.